जर-तरची किंमत कोण मोजतं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की असे कुणी जगताप नाहीतच. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवली होती. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज. आणि त्यातून जगताप जन्माला आले. तेव्हा नारळीकर पस्तिशी ओलांडलेले, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेले आणि केंब्रिजहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतलेले शास्त्रज्ञ होते. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांची पंचाईत झाली असती. बक्षीस दिलं तरी लोक बोलणार, नाही दिलं तरी बोलणार.

हा किस्सा बहुतेक वेळा नारळीकरांच्या साधेपणाचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात परीक्षक जास्त इंटरेस्टिंग वाटतात. त्यांच्यासमोर फक्त कागद होते. नाव नाही, पदव्या नाहीत, फोटो नाही, किती लोकांनी शेअर केलं याचा आकडा नाही. अशा वेळी विज्ञानकथेला बक्षीस द्यायचं म्हणजे नक्की कशाला द्यायचं? त्यातलं विज्ञान बरोबर आहे म्हणून? कल्पना भन्नाट आहे म्हणून? भाषा चांगली आहे म्हणून? तसं असेल तर मग इतर कथांच्या रांगेतच तिला उभं का करू नये?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ ही मोठी छत्री आहे. तिच्याखाली सायन्स फिक्शन येते, फॅन्टसी येते, पर्यायी इतिहास येतो, उद्याच्या हुकूमशाहीच्या कादंबऱ्याही येतात. मराठीत आपल्याकडे ‘विज्ञानकथा’ हा शब्द पक्का बसलाय, पण तो अपुरा आहे आणि थोडा शाळकरीही. त्यात विज्ञान आधी येतं आणि कथा मागून दप्तर घेऊन चालते. मी या लेखापुरतं तिला जर-तरची कथा म्हणते. जर असं झालं असतं, तर काय झालं असतं? सगळा प्रकार या दोन शब्दांत मावतो, आणि पुरस्काराचा प्रश्नही याच दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

मतदान, परीक्षक आणि गोंधळ

जगात या प्रकारासाठी जे मोठे पुरस्कार आहेत त्यांनी निवडीचे वेगवेगळे मार्ग शोधले. ह्यूगो पुरस्कार १९५३ मध्ये सुरू झाला. तो वाचक देतात, म्हणजे वर्ल्डकॉन या वार्षिक संमेलनाचे सदस्यत्व घेतलेले लोक मत देतात. नेब्युला लेखक देतात. अमेरिकेतली सायन्स फिक्शन लेखकांची संघटना त्याचं मतदान घेते. ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकांची छोटी समिती देते. तो १९८७ मध्ये पहिल्यांदा दिला गेला आणि मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हॅन्डमेड्स टेल’ला मिळाला. म्हणजे वाचक, सहव्यावसायिक आणि तज्ज्ञ, तिन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत.

तिन्हींना मर्यादा आहेत, पण सर्वांत जाहीर बोंब ह्यूगोची झाली. २०१५ मध्ये काही लेखकांनी ठरवून याद्या फिरवल्या, एकगठ्ठा नामांकनं भरली. उरलेल्या मतदारांनी त्याला उत्तर म्हणून पाच विभागांमध्ये ‘पुरस्कार नाही’ या पर्यायाला निवडून दिलं. २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगदू इथे वर्ल्डकॉन झालं. पुढच्या जानेवारीत मतांची आकडेवारी बाहेर आली तेव्हा दिसलं, की पुरेशी नामांकनं मिळूनही काही नावं ‘अपात्र’ ठरवली गेली होती. त्यात आर. एफ. क्वांगची ‘बेबेल’ ही कादंबरी होती. समाधानकारक कारण दिलं गेलं नाही. हीच ‘बेबेल’ नेब्युलाची विजेती आहे.

या दोन्ही प्रकरणांवर भरपूर लिहिलं गेलंय. जवळजवळ सगळी चर्चा कुणाला मत देऊ दिलं, कुणाचं मत खाल्लं, नियम कसे बदलावेत याच्याभोवती फिरली. ती गरजेची होती. पण मतदानाची पद्धत कितीही स्वच्छ केली तरी ती मतदाराच्या हातात निकष देत नाही. मतपेटी सील केली म्हणून उमेदवार चांगला होत नाही. तेव्हा आपण पेटी बाजूला ठेवू आणि पुस्तक हातात घेऊ.

पहिली कसोटी: काढून बघा

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ कशासाठी आहे हे कुणालाच आठवत नसेल, तर आमच्याकडे एक रांगडा उपाय असतो. ती ओळ काढून टाका, टेस्ट चालवा आणि काय मोडतं ते बघा. काहीच मोडलं नाही, तर ती ओळ शोभेची होती.

जर-तरच्या कथेलाही हीच कसोटी लावता येते. कथेतला ‘जर’ काढा. मंगळावरची वसाहत काढून तिथे हिंजवडी टाका. रोबो काढून तिथे नवीन भाडेकरू आणा. कथा जशीच्या तशी चालली, तर ती चांगली प्रेमकथा असेल, चांगली कौटुंबिक कथा असेल. तिला त्या-त्या रांगेत मान मिळो. पण या प्रकाराचा पुरस्कार तिला द्यायचं कारण नाही. मंगळ तिथे नेपथ्याचा पडदा आहे.

आता उलटं उदाहरण. अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ला १९९७ चा क्लार्क पुरस्कार मिळाला. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, त्याला १९०२ चं नोबेल मिळालं, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. घोष विचारतात: जर रॉसला हा शोध लावायला कुणी हळूच ढकलत असेल तर? कादंबरीत ते ढकलणारे लोक म्हणजे प्रयोगशाळेत झाडलोट करणारी मंगला आणि नोकर म्हणून वावरणारा लक्ष्मण. त्यांचं स्वतःचं एक गुप्त ज्ञान आहे. ते लिहून ठेवायचं नाही, सांगायचं नाही, कारण सांगितलं की ते बदलतं. साहेबाला वाटतं आपण सूक्ष्मदर्शकातून बघतोय. खरं तर त्याच्या काचेखाली काय ठेवायचं हे झाडणारी बाई ठरवतेय.

हा ‘जर’ काढला तर काय उरतं? मलेरियाचा इतिहास आणि एक हरवलेला माणूस. कादंबरीचा खरा प्रश्न, ज्ञान कुणाच्या नावावर जमा होतं हा, त्या कल्पनेशिवाय उभाच राहत नाही. वास्तववादी कादंबरीत मंगला फार तर शोषित झाली असती. घोष यांनी तिला सूत्रधार केलं. ज्यांची नावं कागदपत्रांत नाहीत त्यांच्याबद्दल पुरावे देऊन लिहिता येत नाही. मग कल्पनेने लिहावं लागतं. कादंबरी शेवटी बरेच धागे मोकळे सोडते, त्याची तक्रार अनेक वाचक करतात आणि ती खोटी नाही. तरी हा पुरस्कार योग्य हातात गेला असं मी म्हणेन, कारण जे म्हणायचं होतं ते दुसऱ्या कुठल्याही प्रकारात म्हणता आलं नसतं.

दुसरी कसोटी: नियम कुणी लिहिला?

पहिली कसोटी पास होऊनही कथा लबाड असू शकते. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टॉम गॉडविन यांची १९५४ ची ‘द कोल्ड इक्वेशन्स’. एक छोटं यान दूरच्या ग्रहावर सहा आजारी माणसांसाठी लस घेऊन निघालंय. इंधन अगदी मोजून दिलेलं. यानात अठरा वर्षांची एक मुलगी लपून बसलेली सापडते. तिला तिच्या भावाला भेटायचंय. तिच्या वजनाने इंधन पुरणार नाही, यान कोसळेल, सगळे मरतील. म्हणून वैमानिकाला तिला बाहेर सोडावं लागतं. निसर्गाच्या नियमांना दयामाया नाही, हा कथेचा धडा.

ही कथा पिढ्यान्‌पिढ्या नावाजली गेली. १९७० मध्ये अमेरिकी लेखक संघटनेच्या सदस्यांनी मतं देऊन जे ‘सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’चं संकलन निवडलं, त्यातही ती आहे. वाचताना घशाशी आवंढा येतो हे खरं आहे. पण थोडं थांबून इंजिनिअरसारखं वाचा. ज्या यानात एक ग्रॅमही जास्त चालत नाही, त्याचं वजन उड्डाणाआधी का केलं नाही? दाराला कुलूप का नाही, नुसती पाटी का? कपाटात कुणीतरी आहे हे उष्णतेवरून दाखवणारा काटा यानात आहे, तो उड्डाणानंतरच का बघितला जातो? शून्य राखीव इंधनाचा निर्णय कुठल्या बैठकीत झाला? कथेत ज्याला निसर्गाचा नियम म्हटलंय, तो खरं तर कुठल्यातरी खात्याने पैसे वाचवायला केलेला नियम आहे. त्यावर भौतिकशास्त्राचा शिक्का मारलाय, एवढंच.

ही टीका माझ्याआधी अनेकांनी केलीय. त्यात भर घालणारी गोष्ट कथेबाहेरची आहे. संपादक जॉन कॅम्बेल यांनी ही कथा गॉडविनना पुन्हा पुन्हा परत पाठवली होती, कारण गॉडविन दर वेळी मुलीला वाचवायची काहीतरी युक्ती शोधून काढत. म्हणजे मुलगी गणितामुळे मेली नाही. संपादकाला ती मेलेली हवी होती.

आता याच्या शेजारी डॅनियल कीझ यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन’ ठेवा. १९५९ ची कथा, १९६० चा ह्यूगो. पुढे तिची कादंबरी झाली आणि तिला नेब्युला विभागून मिळालं. मंदबुद्धी म्हणून हिणवला जाणारा चार्ली एका शस्त्रक्रियेने अतिशय बुद्धिमान होतो. त्याच्याआधी हाच प्रयोग अल्जर्नॉन नावाच्या उंदरावर झालाय. उंदराची बुद्धी ओसरायला लागते तेव्हा चार्लीला कळतं, की आपलंही तेच होणार. हे सिद्ध करण्याएवढी अक्कल त्याच्याकडे आत्ता आहे आणि लवकरच नसेल.

इथेही एक संपादक होता. ‘गॅलक्सी’च्या होरेस गोल्ड यांना शेवट गोड हवा होता: चार्ली हुशारच राहील, लग्न करेल. कीझ यांनी नकार दिला आणि कथा दुसऱ्या मासिकाला दिली. एका संपादकाला शेवट दुःखी हवा होता, दुसऱ्याला सुखी. फरक दुःख-सुखाचा नाही. चार्लीचा शेवट कथेच्या पहिल्या पानावरच्या नियमातून येतो, आणि कथा त्या नियमामागची माणसंही दाखवते: घाईने निकाल जाहीर करायला निघालेले प्रयोगकर्ते, ज्यांना चार्ली माणूस म्हणून कमी आणि आपला शोध म्हणून जास्त दिसतो. चार्ली त्यांना जाब विचारतो. ‘कोल्ड इक्वेशन्स’मधली मुलगी कुणालाच जाब विचारू शकत नाही, कारण जबाबदार माणूस कथेत ठेवलेलाच नाही.

हे मला निव्वळ साहित्यिक भांडण वाटत नाही. बोटांचे ठसे झिजले म्हणून रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीने परत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, ‘सिस्टिम घेत नाहीये.’ सिस्टिमला स्वतःचं मत नसतं. ठसा किती जुळला की हो म्हणायचं आणि जुळला नाही तर दुसरा कुठला मार्ग ठेवायचा, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. माझं रोजचं काम याच जातीचं आहे म्हणून हे ठामपणे सांगते. जी कथा माणसाचा निर्णय निसर्गाच्या नावावर खपवते, ती आपल्याला ‘सिस्टिम घेत नाहीये’ हे निमूट ऐकायला शिकवते. जी कथा नियम लिहिणाऱ्यापर्यंत आपल्याला नेते, ती खिडकीवर एक प्रश्न जास्त विचारायला शिकवते. या दोघींना एकच पदक देताना हात थोडा तरी अडखळायला हवा.

तिसरी कसोटी: ‘जर’ वाक्यापर्यंत पोचला का?

‘अल्जर्नॉन’ चार्लीच्या अहवालांच्या रूपात आहे. सुरुवातीला शुद्धलेखनाच्या चुका, तोडकी वाक्यं. मग विरामचिन्हं सुधारतात, वाक्यं लांबतात, शब्द अवघड होत जातात, आणि शेवटाकडे पुन्हा चुका परत येतात. त्याची बुद्धी ओसरतेय हे कुणी सांगावं लागत नाही. एक स्पेलिंग चुकतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. शस्त्रक्रिया ही कल्पना होती, ती अक्षरांपर्यंत उतरली.

टेड चियांग यांची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ हे दुसरं उदाहरण. तिलाही नेब्युला मिळालं. २०१६ चा ‘अरायव्हल’ हा सिनेमा तिच्यावरून झाला. परग्रहावरच्या पाहुण्यांची लिपी शिकता शिकता एका भाषाशास्त्रज्ञ बाईला काळ एकाच वेळी सगळा दिसू लागतो. ती मुलीशी बोलते तेव्हा घडून गेलेल्या गोष्टी भविष्यकाळात सांगते. मुलगी तरुणपणी मरणार हे ठाऊक असूनही ‘तू असं म्हणशील, तू तसं करशील’ या सुरात ती बोलत राहते. मराठीत हा परिणाम आणखी धारदार होईल असं मला वाटतं, कारण आपल्या ‘शील’मध्ये भविष्यही असतं आणि आईचा लाडही. प्रकाश सर्वांत कमी वेळ लागणारा रस्ता निवडतो हा फर्माचा नियम कथेत समजावून सांगितलाय. पण तो खऱ्या अर्थाने कळतो क्रियापदांमधून.

याच चियांग यांनी २००३ मध्ये आपल्या एका कथेचं ह्यूगो नामांकन नाकारलं होतं. संपादकीय घाईमुळे ती कथा मनासारखी झाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरस्काराची उंची लेखकाने स्वतःच राखल्याचं असं उदाहरण क्वचित दिसतं.

आता घरचं उदाहरण

कसोट्या परक्यांनाच लावायच्या हे बरं नव्हे. नारळीकरांचं ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ घेऊ. अनेकांनी हे अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने वाचलंय. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा भारतात पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकले. इंग्रजांचा अंमल फक्त मुंबईपुरता. हा ‘जर’ मराठी मनाचा दुखरा कोपराच आहे.

पहिली कसोटी कथा सहज पास होते. पानिपत काढलं तर काहीच उरत नाही. तिसरीतही तिची एक कमाल आहे. पंतांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान उरतं. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती चाटून जाते. अख्खा पर्यायी इतिहास एका बदललेल्या वाक्यात बसवलाय, तोही बखरीच्या भाषेत. मराठीतल्या जर-तरच्या लेखनात मला याहून नेमकं काही आठवत नाही.

पण त्यानंतर राजेंद्र देशपांडे येतात आणि कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, क्वांटम सिद्धांत समजावू लागतात. पान टेबलावर ठेवलं तेव्हाच वाचकाला कळलेलं असतं. त्यापुढची शिकवणी प्रामाणिक आहे, शास्त्रीयदृष्ट्या रंजक आहे, आणि कथेला जड झालीय.

त्याहून मोठी चुटपुट वेगळी आहे. त्या दुसऱ्या मुंबईत पंत आपल्या मुलाला शोधायला त्याच्या ऑफिसात जातात. रिसेप्शनवर कळतं, विनय गायतोंडे नावाचं कुणी इथे काम करत नाही. थांबून विचार करा. ज्या विजयाची स्वप्नं आपण अडीचशे वर्षं बघतोय, त्या विजयी जगात तुमचा मुलगा कदाचित जन्मलेलाच नाही. पानिपत जिंकण्याची किंमत एका बापाला एका काउंटरवर मोजावी लागते. या कथेचं काळीज तिथे आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या रूपात तरी ती तिथे जेमतेम थांबते. लगेच ग्रंथालयाकडे निघते. बाप मागे पडतो, इतिहासकार पुढे जातो.

आझाद मैदानावरचा प्रसंग मात्र पुन्हा उसळी मारतो. सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून पंत सवयीने जाऊन बसतात आणि लोक चिडतात, कारण त्या देशात अध्यक्षाची प्रथाच राहिलेली नाही. पानिपत जिंकल्याने सिंहासन मोठं झालं नाही, उलट खुर्चीचा मानच गेला. ही खरी दुसऱ्या टप्प्यावरची कल्पना. (नियतीचा विनोद असा, की नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि प्रकृतीमुळे तिथे जाऊ शकले नाहीत. खुर्ची पुन्हा रिकामीच राहिली.)

मी परीक्षक असते तर या कथेला बक्षीस दिलं असतं का? दिलं असतं, बखरीच्या पानासाठी आणि त्या खुर्चीसाठी. आणि शेऱ्यात लिहिलं असतं, की रिसेप्शनवर अजून पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

काही हरकती

पहिली हरकत: विज्ञान अचूक नको का? कथेने स्वतः घालून घेतलेले नियम तिने पाळायला हवेत, हे मान्य. पण भाकीत खरं ठरणं हा निकष नव्हे. ॲटवुडने ‘हॅन्डमेड्स टेल’मध्ये असं काहीच घातलं नाही जे माणसांनी कुठे ना कुठे आधी केलेलं नाही, असं ती सांगत आलीय. त्या पुस्तकात एकही नवं यंत्र लागत नाही, तरी पहिला क्लार्क त्याला मिळाला.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. सगळ्याच कथांनी माणसांच्या काळजाला हात घालायला हवा का? आर्थर क्लार्क यांच्या ‘रॉन्देव्हू विथ रामा’ने १९७४ मध्ये ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पटकावले, आणि त्यातल्या एकाही पात्राचा स्वभाव वाचकाला आठवत नाही. मग? मला वाटतं ‘रामा’ माझ्या कसोट्यांना टिकते. सूर्यमालेत एक प्रचंड रिकामं यान येतं. माणसं आत जातात, बघतात, काहीच समजत नाही, आणि यान सूर्यापासून ऊर्जा घेऊन पुढे निघून जातं. आपल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलेलं नसतं. आपण विश्वाच्या केंद्रस्थानी आहोत ही समजूत इथे किंमत म्हणून मोजली जाते. पात्रं फिकी आहेत, हे खरंच. पण जिथे माणूसच गौण ठरतो तिथे तो फिकेपणा निदान खटकत नाही.

आपल्याकडे काय पणाला लागलंय?

मराठीत विज्ञानकथेची बाजू घेताना आपण पटकन म्हणतो, ‘मुलांना त्यातून विज्ञान कळतं.’ हे कौतुक कथेला खाली खेचतं. विज्ञान कळायला आता यूट्यूब आहे. दुसरीकडे, मुख्य धारेतल्या सन्मानांना हा प्रकार दिसत नाही. नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. पुस्तक उत्तम आहे. पण ज्या माणसाने पिढ्यांना जर-तर विचारायला शिकवलं, त्याचा सन्मान ‘झालं ते असं’ सांगणाऱ्या पुस्तकासाठी झाला.

परिणाम असा, की आज एआयने नोकऱ्या जातील का, शहरं बुडतील का, हे प्रश्न मराठी माणूस रोज विचारतो, पण त्यांची कल्पना इंग्रजी मालिकांमधून करतो. तिथे बुडणारं शहर न्यूयॉर्क असतं. आपल्या ‘जर’चा ‘तर’ दुसरंच कुणी लिहून देतंय. चीनमध्ये लिउ त्सशिन यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या जखमेतून ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ लिहिली; केन लिउ यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१५ मध्ये ह्यूगो मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी ठरली. घरची जखम होती म्हणूनच ती जगाला कळली. आपल्याकडे जखमांची कमतरता नाही.

म्हणून विज्ञानकथेच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्था आणि दिवाळी अंकांकडे एक छोटी मागणी आहे. निकालासोबत परीक्षकांचं पानभर मनोगत छापा. ‘कल्पना नावीन्यपूर्ण, शैली ओघवती’ असलं नको. त्यात सरळ लिहा: ‘जर’ काढला तर कथेत काय मोडलं, नियम लिहिणारा माणूस कथेत सापडला का, आणि त्या ‘तर’ची किंमत कुठल्या पात्राने कुठल्या पानावर मोजली. हे लिहिता येत नसेल तर त्या वर्षी बक्षीस राखून ठेवा; ह्यूगोच्या मतपत्रिकेवर ‘पुरस्कार नाही’ हा पर्याय उगाच ठेवलेला नाही.

आणि ज्या लेखकाला बक्षीस मिळालं नाही, त्याला ते पानभर मनोगत वाचून निदान कळेल की कुठल्या काउंटरवर पाच मिनिटं जास्त थांबायला हवं होतं.